गालातला घास

बसमध्ये माझ्या लेकीचं, मुंगीचं, डोकं माझ्या दंडाला टेकलं होतं आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप तिच्या गालावरून पुढेमागे होत होती, तेव्हा मला तो फुगवटा दिसला. डावा गाल उजव्यापेक्षा किंचित वर आलेला, आतून कुणी बोट टेकवून ठेवावं तसा. दाढ येत असेल, पाळणाघरात कुणी ढकललं असेल, काय काय मनात येऊन गेलं. "आ कर बघू," मी म्हटलं. तिने ओठ घट्ट मिटले. आजूबाजूला माणसं होती म्हणून मी हसत हसत तिच्या ओठांच्या फटीतून करंगळी आत सरकवली, आणि बोटाला लागला तो भात. दुपारचा भात. कोमट, लगदा झालेला, थोडा आंबूस. दुपारी जेवण, मग झोप, मग घसरगुंडी, मग बूट-मोजे, मग बसची रांग, आणि एवढा सगळा वेळ हा एक घास तिच्या गालात तिकीट काढून बसल्यासारखा बसून होता. मी तो तळहातावर घेतला. टाकायला जागा नव्हती. मुंगीने माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिचा खालचा ओठ थरथरला. "माझा होता तो." "अगं, मग गिळला का नाहीस?" "अजून नाही ना." "अजून नाही म्हणजे?" तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. समोरच्या सीटवरच्या आजीबाई मघापासून बघत होत्या. "आमच्या नातवालाही हीच खोड होती," त्या म्हणाल्या, "एक चापट दिली, गेलं पोटात." मी पुन्हा हसले आणि मूठ मिटून घेतली. घरी पोचेपर्यंत तो घास माझ्या मुठीत होता, आणि मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी जिवंत धरून चालले आहे.

मुंगी हे नाव तिच्या बाबाने ठेवलेलं. रांगायची तेव्हा जमिनीवरचा एक कण सोडायची नाही. पावाचा चुरा, खडूचा तुकडा, एकदा तर बाबाच्या खिशातून पडलेला चकचकीत स्क्रू. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या खिशात कायम असलं काहीतरी खुळखुळत असतं. "ही मुंगी एक दिवस आपल्याला घराबाहेर काढून इथं वारूळ करणार," तो म्हणायचा. आता तीच मुंगी ताटासमोर बसते आणि ताट तिच्याकडे बघत बसतं. बसमधल्या घासाच्या त्याच संध्याकाळी डॉक्टरणीच्या काट्यावर तिला उभी केली तेव्हा काटा हलायलाच लाजला. डॉक्टरणीने घसा पाहिला, पोट दाबलं, गालांच्या आतून बॅटरी फिरवली. "घशात काही नाही. घास साठवणारी मुलं असतात. पण वजन गेल्या वेळेपेक्षा उतरलंय, आणि हे मला आवडलेलं नाही. सोमवारी परत आणा. तेव्हाही काटा खालीच आला तर दाखल करून घेऊ, काही दिवस नाकातल्या नळीने देऊ." माझा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "घाबरू नका. आणि घरात जेवताना शांत राहा हं. मुलांना आईची भीती बरोबर कळते." शांत राहा. मी मान हलवली. घर चालतं माझं त्या एका शब्दावर.

मी आवाज देते. म्हणजे कामच ते. बँकेला फोन केलात आणि 'कृपया प्रतीक्षा करा' असं कुणी बाई म्हणाली तर ती बहुतेक मी असते. काही लिफ्टमध्ये मजला सांगणारीही मीच. मुंगीचा बाबा लोकांना सांगतो, "आमची ही मला मजल्यामजल्यावर भेटते. घरी तेवढी भेटत नाही." आणि हल्ली हल्ली, योगसरांचे 'शांत आहार'चे पाठ. फोनवर ऐकायचे, ताट समोर घ्यायचं, कानात माझा आवाज घालायचा, आणि एकेक घास मन लावून खायचा. मनातली खळबळ खाली बसवायची. कितीतरी माणसं ऐकतात म्हणे. घटस्फोट झालेली, नोकरी गेलेली, झोप उडालेली. परक्या घरांतल्या परक्या टेबलांवर मी त्यांना सांगत असते, थांबा, श्वास घ्या, हा घास बघा. रेकॉर्डिंगची खोली कपाटाएवढी आहे. भिंतींना काळा स्पंज, समोर काच, काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसलेला कानसेन. त्याचं खरं नाव पाटीवर आहे, पण सगळे कानसेनच म्हणतात, कारण पलीकडच्या रस्त्यावर कुणाच्या चपलेचा पट्टा तुटला तरी याला ऐकू येतं. त्या खोलीत उपाशी बसून चालत नाही, पोट बोलतं. भरल्या पोटी तर नाहीच, आवाज जड होऊन बसतो. म्हणून जवळ सफरचंदाच्या फोडी ठेवायच्या, मधूनमधून एक चावायची, तोंडातला चिकटपणा जातो. तरी व्हायचंच. मी म्हणत असायचे, 'आपल्या भुकेचं स्वागत करा,' आणि कानसेन काचेवर टकटक करायचा. "ताई, पोट बोललं. परत."

योगसरांची थट्टा मला जमणार नाही. बुटका, स्वच्छ नखांचा माणूस. बोलताना हात मांडीवरून हलत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बशीत एक मनुका ठेवला होता. "आधी तुम्ही खा. मग सांगा लोकांना." पोटाचे दोन भाग अन्नाला द्यावेत, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा सोडावा, असं ते सांगत होते. राग आला असेल तर घासाआधी थांबावं, नाहीतर राग घासाबरोबर आत जातो आणि रक्तात राहायला येतो. "खाणारा एक असतो, पाहणारा एक असतो. रोज आपण खाणाऱ्याच्या घरी राहतो. जेवणापुरते पाहणाऱ्याच्या घरी जाऊन बसा. साक्षी व्हा." मी तो मनुका जिभेवर ठेवला. सुरकुत्या लागल्या. मग आतून हळूहळू, कुणी दार लोटावं तशी, गोडी आली. आणि मला एकदम रडू फुटलं, कारण माझ्या लक्षात आलं, मुंगी झाल्यापासून मी बसून जेवलेच नव्हते. ओट्याशी उभं राहून, तिच्या ताटलीतलं उरलेलं, चिवडलेलं, थंड झालेलं, एका हाताने तिचं तोंड पुसत दुसऱ्या हाताने माझ्या तोंडात. चव म्हणजे काय हे मी विसरले होते आणि विसरलेय हेही विसरले होते. सरांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यानंतर मी जो आवाज लावला तो माझा मलाच नवा होता. खोल, सपाट, पाण्याखालच्या दगडासारखा. कानसेन त्यातून माझे श्वास कापून टाकायचा, दोन वाक्यांमधले, वाक्याआधीचे, सगळे. ऐकताना वाटायचं, ही बाई कधी धावत बस पकडत नसणार. हिच्या गॅसवर कधी दूध उतू जात नसणार. मला तिचा हेवा वाटायचा.

त्या बाईला घरी मीच आणली. एका संध्याकाळी मुंगीने भाताची ताटली ढकलून दिली, ती जमिनीवर फिरत फिरत गेली आणि थांबेपर्यंत वाजत राहिली, आणि ती थांबल्यावर माझा आवाज सुरू झाला. काय बोलले आठवत नाही. शब्द आठवत नाहीत, पण तो आवाज ओळखीचा होता. माझ्या आईचा होता. माझी आई वाईट नव्हती, दमलेली होती. दिवसभर शिलाई मशीनवर, आणि संध्याकाळी मी ताटावर रेंगाळले की, "गिळ बाई एकदाचं, मला अजून दहा कामं आहेत." आमच्याकडे लाडात आलं की 'खा', आणि जीव मेटाकुटीला आला की 'गिळ'. मी भराभर गिळायचे. डोळ्यांतलं पाणी आणि भात एकदमच आत जायचं, म्हणून मला लहानपणच्या भाताची चव खारट आठवते. तर त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन, स्वतःला आवरायला म्हणून, फोनवर माझाच पाठ लावला आणि सिंकला धरून उभी राहिले. 'थांबा. इथे आहात. या क्षणी कुठेच जायचं नाही.' मागे शांतता पसरली. वळून पाहिलं तर मुंगी तिच्या उंच खुर्चीत ताठ बसलेली, कान टवकारलेले. "ही कोण?" "मीच गं. आई." तिने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, विचार केला. "नाही. ही ती आई." आणि तिने तोंड उघडलं. 'ती आई' लावली की तोंड उघडायचं, घास सांडायचा नाही, ताटली फिरायची नाही. मी सुखावले. का नाही सुखावणार? किती दिवसांनी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मग पाळणाघरातल्या काकूंनाही तो पाठ देऊन ठेवला, वर पुन्हा ऐटीत, "लावून बघा, फरक पडेल."

बसमधल्या त्या घासानंतर दुसऱ्या सकाळी काकूंना विचारलं तेव्हा त्या उंबऱ्यातच उडाल्या. "गालात? छे हो! अहो, सगळ्यात शहाणी जेवणारी आमच्याकडे तीच. तुमचा आवाज लावला की सगळी पोरं गप्प, पण ही तर अगदी साधूबाईच होते. डोळे मिटते, घास घेते, हू का चू नाही. मग मी ताटल्या गोळा करते आणि झोपवते सगळ्यांना. जादू आहे हो तुमच्या गळ्यात." त्यांच्या पदराला धरून एक पोरगं नाक पुसत होतं, आतून अजून कुणीतरी रडत होतं, आणि इतकी पोरं एकटीने सांभाळणाऱ्या त्या बाईला मी काय म्हणणार होते, की कृपा करून प्रत्येकाच्या गालात बोट घालून बघा? मी मुंगीचे बूट काढले. तिच्याएवढी होऊन, गुडघ्यांवर बसून विचारलं, "काल बसमध्ये 'अजून नाही' म्हणालीस ना, ते काय गं?" ती माझ्या कानाजवळ आली. आमची गुपितं अशीच असतात, ओली, गरम, थोडी थुंकी उडवणारी. "ती आई सांगते ना, घाई नको. मग मी थांबते." "कुठवर?" "ती सांगेपर्यंत." "आणि ती नाही सांगत?" मुंगीने माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखी मान हलवली. "विसरते."

त्या दिवशी कामावर जाताना मी रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि तो पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मी तो कधीच पुरता ऐकला नव्हता. स्वयंपाकघरात लावायचे तेव्हा माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं, घास आत गेला की मी दुसरा कालवायला वळायचे, आणि वळून आले की म्हणायचे, "शाब्बास, संपला? हा घे." ती दुसराही घ्यायची. पहिला डाव्या गालात, दुसरा उजव्या. मग तोंड भरलं की "पोट भरलं" म्हणायची, आणि मी तोंड धुवायला न्यायचे, आणि पाण्याबरोबर किती बेसिनमध्ये जात होतं ते मी कधी वाकून पाहिलं नाही. कानात ती बाई सांगत होती. 'घास जिभेवर ठेवा. चव येऊ द्या. दातांना सांगा, सावकाश. गिळायची घाई नको. मन म्हणेल, पुढचा. मनाला म्हणा, थांब. हा घास आहे. तुम्ही आहात. फक्त पाहा.' त्यानंतर पाण्याचा आवाज, लांबवर, आणि संपलं. मी पुन्हा लावलं. गिळा, असं ती कुठेच म्हणत नव्हती. पण मी म्हटलं होतं. मला तो दिवस लख्ख आठवला. 'आता सावकाश गिळा,' मी वाचलं होतं, आणि दाराशी उभे असलेले सर म्हणाले होते, "हे वाक्य काढून टाकूया का? गिळणं सांगायचं नसतं, ते घडतं. तिथं आज्ञा आली की साक्षी उठून जातो." मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. अजूनही चूक वाटत नाही. मोठ्या माणसांना गिळायला सांगावं लागत नाही. त्यांचा तर जन्म त्यात गेलेला असतो. सरांच्या डोळ्यांसमोर ताटावर एकटी बसलेली मोठी माणसं होती. साडेतीन वर्षांची एक मुलगी डोळे मिटून, कुणी मला सांगेल म्हणून वाट बघत बसेल, हे त्यांना कुठून सुचणार? मला सुचायला हवं होतं, पण मी तेव्हा आवाजात होते. आवाज ऐकत होते माझा, किती छान लागलाय म्हणून.

"तो कापलेला तुकडा आहे का हो, दादा?" मी कानसेनला विचारलं. तो डबा उघडून बसला होता. एका हाताने खात, दुसऱ्याने रेकॉर्डिंगमधला कुणाचा तरी खोकला पुसत होता. "कापलेलं मी ठेवत नाही, ताई. ठेवायला लागलो तर तुमच्या एकटीच्या श्वासांनी ही खोली भरेल." मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं, बस, गाल, काटा, सोमवार. त्याने डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण राहिलं होतं. "बसा आत. सरांना आत्ता विचारत नाही, तुमच्यापुरतं करू. दोन शब्द तर आहेत." दोन शब्द. आता गिळ. मी काळ्या स्पंजात बसले, डोळे मिटले, तो पाण्याखालचा दगड शोधला आणि म्हटलं, "आता गिळ." हेडफोनमध्ये मला माझी आई ऐकू आली. शिलाई मशीनसकट. कानसेनने बोट फिरवलं, परत. दुसऱ्यांदा मी मऊ बोलले. इतकी मऊ, की ते 'गिळशील का गं' झालं. तिसऱ्यांदा कुजबुजले. मग मुंगीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बोलले, मग मुद्दाम तो चेहरा बाजूला सारून. मग कोणीच नाही, मी नाही, ती नाही, फक्त पाहणारी, असं मनाशी धरून बोलले आणि नेमका त्याच वेळी आवाज चिरला. मला हे येतं. मी अनोळखी माणसांना शोकात, कर्जात, एकटेपणात घास उतरवून दिलाय. कानसेनने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि काचेकडे न बघता म्हणाला, "ताई, विनवणी ऐकू येते." "श्वास काढा ना माझे." "काढले. विनवणी श्वासात नाही हो. अक्षरात आहे. अक्षरच कापलं तर शब्द जाईल." सफरचंदाची फोड तांबूस पडत चालली होती. शेवटी त्याने त्यातल्या त्यात बरा तुकडा निवडला, घासला, सपाट केला, पाण्याच्या आवाजाच्या जरा आधी नेऊन डकवला. जाताना म्हणाला, "आम्हाला नाही मुलंबाळं. पण मी सांगतो, ऐकेल ती." त्याला खोटं बोलता येत नाही. कान चांगला असलेल्या माणसाला स्वतःचं खोटंही ऐकू येत असणार.

रविवारी मुंगीचा बाबा घरी होता. सकाळपासून तो तिला पाठीवर घेऊन फिरला, घोडा झाला, लिफ्ट झाला, "तळमजला, दार उघडत आहे" म्हणत तिला जमिनीवर ठेवत होता. ती हसत होती, पण तिचं हसणं हल्ली लवकर दमतं. दुपारी मी भात मऊ शिजवला, बटाटा कुस्करला, मीठ-लोणी घातलं. तो ताटलीकडे बघून म्हणाला, "मीच खाऊन टाकू का? बघ हं, गेलं बघ तुझं." ती शांतपणे म्हणाली, "खा." त्याचं तोंड उतरलं. मी फोनवरच्या पाठाची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो भडकलाच नाही, हेच मला लागलं; भडकला असता तर मला भांडता आलं असतं. नुसता म्हणाला, "तुझ्या सरांना म्हणावं, या आणि भरवा." मग हात धुवून, पुसत, खिडकीशी उभा राहिला. "लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की आम्ही पहिली गोष्ट सांगतो, दाराशी झटू नका. शांत उभे राहा. आणि आवाज देत राहतो. काय वाट्टेल ते बोलतो गं, नाव काय, गाव काय, मॅच बघितली का. सुटका आवाजाने होत नाही, ती पान्ह्याने होते. पण पान्हा येईपर्यंत माणूस आवाजावर उभा असतो." मी विचारलं, "आणि पान्हा आलाच नाही तर?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत म्हातारं जोडपं अडकलं होतं. बूट घालता घालता त्याने मुंगीच्या डोक्यावर ओठ टेकले, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "लावून बघ. मी येतोच."

दार बंद झालं. मी खुर्ची ओढली. छोटा घास केला, अगदी चिमणीला देतात तेवढा, आणि पाठ लावला. 'थांबा. इथे आहात.' मुंगीचे डोळे मिटले. तोंड उघडलं. घास आत गेला. मी वळले नाही, काही कालवलं नाही, तिच्या जबड्याकडे बघत राहिले. ती चावत होती. मनापासून, प्रामाणिकपणे, एखादं काम सोपवलेल्या माणसासारखी. सरांच्या सगळ्या साधकांत इतकं मन लावून कुणी चावलं नसेल. 'घाई नको,' ती बाई म्हणाली, आणि मुंगीने घास जिभेने हळूच गालात नेऊन ठेवला, नीट, जपून. 'हा घास आहे. तुम्ही आहात.' मग ते आलं. आता गिळ. मुंगीने डोळे उघडले. हनुवटी वर करून फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. भरल्या तोंडाने, शब्द गालाआडून काढत म्हणाली, "ही तू आहेस." "हो, मीच ना. आई." "ती नाही." "दोघी एकच गं, राणी." "ती रडत नाही. तू रडतेस." "मी कुठे रडतेय? बघ, आहे का पाणी?" तिने माझे डोळे पाहिले, बोट लावून पाहिलं. कोरडे होते. "आत रडतेस," ती म्हणाली, आणि फोन हाताने जरा दूर सरकवला, माझा अपमान होऊ नये इतक्या हळू. घास गालातच होता.

मी पुन्हा लावलं नाही. पाहत बसले. साक्षी व्हा, सर म्हणतात, आणि मला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं की साक्षीला हात नसतात. त्याला सगळं दिसतं. मनगटाची हाडं दिसतात, डोळ्यांखाली निळसर झालेलं दिसतं, ताटलीत भातावर साय धरते ती दिसते, उद्याचा काटा दिसतो, नाकाला चिकटपट्टीने लावलेली नळी दिसते, ती ओढून काढू नये म्हणून धरलेले दोन हात दिसतात, आणि ते कुणाचे असतील तेही दिसतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मुंगी खुर्चीत पेंगायला लागली. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. उचलताना हात सवयीने जास्त जोर लावून गेले, आणि ती अपेक्षेपेक्षा वर आली. झोपेत घास घशात अडकेल म्हणून मी बोट घालून तो काढला. या वेळी तिने ओठ मिटले नाहीत, गाल सैल होता. तो माझ्या बोटांवर होता, पांढरा, मऊ, तिच्या लाळेने चकाकणारा. कचऱ्याचा डबा ओट्याखाली होता आणि उठले असते तर ती जागी झाली असती. मी तो तोंडात टाकला. तिचं उष्टं मी नेहमीच खाते, त्यात काय. पण याला चव उरली नव्हती. मीठ नव्हतं, लोणी नव्हतं. चावण्यासारखंही काही नव्हतं. तिने सगळं काम करून ठेवलेलं होतं, फक्त शेवटचं राहिलं होतं. आणि ते मला होईना. घसा मिटलेला. मी दातांना सांगितलं, जिभेला सांगितलं. घास इकडून तिकडे गेला आणि माझ्या गालात येऊन बसला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचा हात वर आला. डोळे मिटलेलेच. तळवा माझ्या हनुवटीवरून चाचपत गालावर आला आणि फुगवट्यावर थांबला. "आहे अजून?" तिने विचारलं. मला बोलता येत नव्हतं, मी हुंकार दिला. ती थांबली. घाई न करता थांबली, जशी तिला कुणीतरी शिकवलं होतं. मग सपाट, खोल, मध्ये कुठेही श्वास नसलेल्या आवाजात म्हणाली, "आता गिळ."

मी गिळलं. तिचा कान माझ्या छातीला लागलेला होता, तिला तो जाताना ऐकू गेला असणार. "गेला," ती समाधानाने म्हणाली आणि कूस बदलून, तोंड माझ्या कुशीत खुपसून झोपली. ताटलीतला भात तसाच होता. जिन्यात कुणाची पावलं वाजली, ती वरच्या मजल्यावर गेली. मी हललेही नाही. तिचं पोट माझ्या पोटाला टेकलेलं, आत-बाहेर होणारं, हलकं. मग त्या शांततेत एक पोट बोललं. तिचं की माझं, कळलं नाही.